विश्लेषण : ‘व्हर्टस जीटी’ की ‘व्हर्ना टर्बो’? वेगवान सेडान घेण्यापूर्वी काय तपासावे?

स्कोडाने २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली, तेव्हा तिच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाची १५० अश्वशक्ती हा गाडीशौकिनांच्या गप्पांचा विषय होता. ती गाडी बहुतेकांनी पोस्टरवरच पाहिली. आज तेवढी ताकद दीड लिटरच्या इंजिनातून मिळते आणि ती नोकरदार माणूस हप्त्यांवर घरी आणू शकतो. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आणि ह्युंदाईची व्हर्ना टर्बो या त्या दोन गाड्या. वीस लाखांच्या आतबाहेर पैसे मोजणारा ग्राहक या दोघींत अडकतो आणि बहुतेक वेळा माहितीपत्रकातील अश्वशक्तीचा आकडा पाहून निर्णय घेतो. या दोन गाड्यांत सर्वात कमी फरक नेमका त्याच आकड्यात आहे.

या दोनच गाड्या का?

एसयूव्हीच्या लाटेत मध्यम आकाराच्या सेडान मागे पडल्या. उरलेल्यांपैकी होंडा सिटीत टर्बो इंजिन नाही. स्कोडा स्लाव्हिया ही व्हर्टसचीच बहीण आहे. सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स तेच, त्यामुळे व्हर्टसबद्दल येथे म्हटलेले बरेचसे तिलाही लागू पडते. म्हणजे वेगाची हौस असलेल्या, पण मर्सिडीज-बीएमडब्ल्यूपर्यंत हात न पोहोचणाऱ्या ग्राहकासमोर खरा पर्याय या दोघींचाच राहतो.

व्हर्टस जून २०२२ मध्ये बाजारात आली. तिचे उत्पादन पुण्याजवळच्या चाकणला होते आणि तेथून ती परदेशातही जाते. व्हर्नाची सध्याची पिढी मार्च २०२३ मधली, चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरची. (ह्युंदाईने २०२३ मध्ये जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतला, पण व्हर्ना अजून ‘मराठी’ झालेली नाही.) बाजारात आल्या तेव्हा सर्वात वरच्या टर्बो श्रेणीची शोरूम किंमत व्हर्टसची १७ लाख ९२ हजार, तर व्हर्नाची १७ लाख ३८ हजार रुपये होती. अर्ध्या लाखाचा हा फरक पुढे कधी या बाजूने, कधी त्या बाजूने सरकत राहिला. त्यावरून गाडी निवडण्यात अर्थ नाही.

१५० की १६०, फरक किती जाणवतो?

व्हर्टसचे १४९८ सीसी इंजिन १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. व्हर्नाचे १४८२ सीसी इंजिन १६० अश्वशक्ती आणि २५३ न्यूटन मीटर. शून्य ते १०० किलोमीटरचा वेग ८.१ सेकंदांत गाठता येतो, असा व्हर्नाबाबत ह्युंदाईचा दावा आहे. व्हर्टसला चाचण्यांत नऊ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. हा सेकंदभराचा फरक मोकळ्या धावपट्टीवर दिसतो. खोपोलीच्या टोलनंतर समोर तीन कंटेनर समांतर चालले असतील, तर दोघीही सारख्याच वेळात त्यांच्या मागे जाऊन थांबतात.

अश्वशक्तीपेक्षा टॉर्क कधी मिळतो हे पाहणे उपयोगाचे. टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत जोर हवा असेल तर इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत ओरडवावे लागे. या दोन्ही गाड्यांत पूर्ण टॉर्क साधारण १५०० ते १६०० फेऱ्यांपासून ३५०० पर्यंत हाताशी असतो. म्हणून चार माणसे आणि सामान भरून आंबोलीचा घाट चढताना गाडी धापा टाकत नाही. फरक आहे तो स्वभावाचा. व्हर्नाचे इंजिन पायाखाली चटकन उसळते, व्हर्टसचे तोलून जोर लावते. हलक्या चालीत व्हर्टसचे इंजिन चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते आणि महामार्गावर त्याचा इंधनबचतीला उपयोग होतो. शहरातल्या कोंडीत मात्र दोन्ही गाड्यांचे मायलेज दहा-बाराच्या घरात येते. ज्यांना प्रमाणित चाचणीतले २०.६ चे आकडे पाहून व्हर्ना घ्यायची आहे, त्यांनी रोजच्या मायलेजचा हा आकडा आधीच मनाशी धरावा.

गिअरबॉक्सबाबत कोणती काळजी घ्यावी?

दोन्ही गाड्यांत सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. एक क्लच सम गिअर सांभाळतो, दुसरा विषम. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे गिअर बदलताना झटका लागत नाही आणि वेळही जात नाही. वेगवान गाडीसाठी ही रचना उत्तम.

कोंडीत मात्र याच रचनेची परीक्षा होते. फोक्सवॅगनच्या या गिअरबॉक्समधील क्लच ‘कोरडे’ आहेत, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेलाची आंघोळ नाही. इंचाइंचाने सरकणाऱ्या वाहतुकीत क्लच अर्धवट दाबलेल्या स्थितीत घासत राहतो आणि तापतो. याच कुळातील गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, म्हणून आज घाबरून जाण्याचे कारण नाही. पण गाडी चालवण्याची पद्धत बदलायला हवी. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचे, ही सवय ड्युअल क्लचला मानवत नाही. दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक लावावा. रोज हिंजवडी किंवा घोडबंदर रस्त्यावर दोन-दोन तास काढणाऱ्याने ही गोष्ट खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी. गिअरबॉक्सची वाढीव वॉरंटी हा त्याच्यासाठी अनावश्यक खर्च नाही.

थांबण्याचे गणित काय?

वेगवान गाडी घेणारे बहुतेक जण ‘किती पळते’ विचारतात, ‘किती अंतरात थांबते’ हे फार थोडे विचारतात. चालत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी १२० वेगाने जाताना वेग दीडपट होतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात सात-आठ मोटारींएवढे अंतर मागे पडलेले असते.

येथे दोन गाड्यांत कागदावर ठळक फरक आहे. व्हर्ना टर्बोच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. व्हर्टस जीटीला मागच्या चाकांवर ड्रम ब्रेक आहेत आणि वीस लाखांच्या गाडीला ते शोभत नाहीत, ही टीका रास्त आहे. पण त्याचा अर्थ ती थांबत नाही असा नाही. जोरात ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे डिस्कच करतात. एकदाच करकचून ब्रेक लावला तर दोघींत फारसा फरक दिसणार नाही. फरक पडतो तो लांबलचक उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना, कारण ड्रममधील उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

अर्थात घाटात ब्रेक तापतात ते अनेकदा चालकामुळे. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर ठेवून अख्खा घाट ब्रेकवर उतरायचा, खाली आल्यावर जळका वास आला की शोरूमला शिव्या द्यायच्या, हे नेहमीचे दृश्य. दोन्ही गाड्यांत गिअर हाताने खाली आणायची सोय आहे. उतारावर दुसरा-तिसरा गिअर धरला की इंजिनच गाडीला रोखून धरते.

टायरच्या बाबतीत मात्र दोघी समसमान. दोघींनाही २०५/५५ आर १६ मापाचे टायर आहेत. रस्त्याशी संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठिपक्यांचाच, आणि ते ठिपके दोघींचे सारखे आहेत. पावसाळ्यात व्हर्नाची जादा दहा अश्वशक्ती या ठिपक्यांतून रस्त्यावर उतरत नाही, पुढची चाके जागीच फिरतात. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना गाडीच्या दारावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरणे, आणि ती टायर थंड असताना तपासणे, याला या दोन्ही गाड्यांच्या कोणत्याही ‘स्पोर्ट मोड’पेक्षा जास्त किंमत आहे.

दोघींनाही पाच तारे, तरी फरक कसा?

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२३ मध्ये दोन्ही गाड्यांना प्रौढ आणि बाल अशा दोन्ही प्रवासी सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. विक्रेते येथेच थांबतात. मूळ अहवाल पुढे वाचण्यासारखा आहे. प्रौढांच्या सुरक्षेत व्हर्टसला ३४ पैकी २९.७१ आणि व्हर्नाला २८.१८ गुण मिळाले. मुलांच्या सुरक्षेत दोघींना ४९ पैकी ४२. गुणांतला हा फरक किरकोळ वाटतो. पण त्याच अहवालात व्हर्टसचा सांगाडा ‘स्थिर’ आणि व्हर्नाचा ‘अस्थिर’ ठरवला आहे. व्हर्नाच्या चालकाच्या पायाजवळचा भागही अस्थिर ठरला.

समोरून धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. त्या धडकेत माणसे बसतात तो कप्पा जागच्या जागी राहिला आणि याहून अधिक मार सोसू शकेल असे दिसले, तर सांगाडा स्थिर. आणखी मार बसल्यास तो कोलमडू शकतो असे दिसले, तर अस्थिर. चाचणीतल्या वेगाला व्हर्नाने आतल्या पुतळ्यांचे चांगले रक्षण केले, म्हणून तिला तारे मिळाले आणि ते तिने योग्य प्रकारे कमावले. प्रश्न आहे तो त्यापलीकडच्या वेगाचा. वेगवान गाडी घेणारा माणूस ती ६४ वर चालवण्यासाठी घेत नाही. म्हणूनच एखाद्या साध्या शहरी गाडीपेक्षा या वर्गात सांगाड्याच्या शेऱ्याला जास्त वजन द्यायला हवे.

बरे, मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावला नाही तर हे सारे गुण निरर्थक. चाचणीतले पुतळे नेहमी पट्टा लावून बसलेले असतात.

मग व्हर्नाच्या ‘एडास’चे काय?

अपघातात गाडी कशी टिकते हा झाला एक भाग; अपघात टाळणे हा दुसरा. त्यात व्हर्ना पुढे आहे. तिच्या सर्वात वरच्या एसएक्स (ओ) श्रेणीत रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य प्रणाली, म्हणजेच ‘एडास’ मिळते. समोर अडथळा आला आणि चालक गाफील राहिला तर ती आधी सावध करते, मग स्वतः ब्रेक लावते. लेन सुटत असेल तर स्टिअरिंग हलकेच सावरते. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातील वाहनाची सूचना देते. व्हर्टस जीटी आली तेव्हा तिच्यात यातले काही नव्हते.

रात्री उशिरा एकट्याने पुणे-नाशिक किंवा मुंबई-कोल्हापूर करणाऱ्यासाठी डुलकीच्या त्या एका क्षणी ही प्रणाली जीव वाचवू शकते. शहरात मात्र ती वैताग आणते. रिक्षा किंवा दुचाकी अचानक आडवी घुसली की गाडी स्वतःहून करकचून थांबते आणि मागचा वाहनचालक त्यासाठी तयार नसतो. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेन सांभाळणारी यंत्रणा काम करत नाही. अनेक मालक या सुविधा आठवडाभरात बंद करून टाकतात. त्यांनी एडाससाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी स्वतःच्या स्वभावाचाही विचार केलेला बरा.

घरच्यांना काय वाटेल?

गाडी एकजण चालवतो, बसतात चौघे. दोन्ही सेडान बुटक्या आहेत आणि गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना आत बसताना-उठताना त्रास होतो. शोरूमला त्यांना सोबत न्यावे, एवढाच यावरचा उपाय. चाकांमधील अंतर व्हर्नाचे २६७० आणि व्हर्टसचे २६५१ मिलिमीटर. मागच्या सीटवर पाय पसरायला व्हर्ना थोडी उजवी. सामानाची जागा अनुक्रमे ५२८ आणि ५२१ लिटर, म्हणजे सारखीच. रिकाम्या व्हर्टसचे जमिनीपासूनचे अंतर १७९ मिलिमीटर आहे. माणसे भरली की ते कमी होते आणि सोसायटीच्या दारातला गतिरोधक पोटाला घासू शकतो. खड्ड्यांतून हळू जाताना व्हर्ना मऊ वाटते. वेग वाढला की व्हर्टस अधिक ठाम बसते आणि वळणावर तिचे स्टिअरिंग हाताला जास्त विश्वास देते.

शोरूम किमतीपलीकडे किती?

दोन्ही गाड्या चार मीटरपेक्षा लांब आणि १२०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या. त्यांच्यावर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर असा ४५ टक्के बोजा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या किमतींची तुलना आता उपयोगाची नाही.

यावर महाराष्ट्रात वाहन कर येतो. व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, त्यावर १३ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर मात्र सरसकट २० टक्के. १८ लाख किंमत धरली तर वैयक्तिक नोंदणीला दोन लाख १६ हजार आणि कंपनीच्या नावावर तीन लाख ६० हजार रुपये होतात. घसाऱ्याची करसवलत मिळते म्हणून छोटे उद्योजक गाडी कंपनीच्या नावावर घेतात. हा दीड लाखाचा खड्डा भरून निघतो का, हे लेखापालाला आधी विचारावे. इंजिन दीड हजार सीसीच्या आत ठेवण्याचा एक फायदा विम्यात दिसतो. २०२२ च्या दरपत्रकानुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ३,४१६ रुपये, तर त्यावरच्या गाडीचा ७,८९७ रुपये. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरचा दर आणून दाखवला की शोरूमचाही दर अनेकदा उतरतो.

वॉरंटीत खोच आहे. फोक्सवॅगन चार वर्षे किंवा एक लाख किलोमीटर देते, ह्युंदाई तीन वर्षे आणि किलोमीटरची मर्यादा नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला व्हर्टसवर पूर्ण एक वर्ष जादा मिळते. महिन्याला तीन हजार चालवणाऱ्या फिरतीच्या माणसाची एक लाखाची मर्यादा पावणेतीन वर्षांतच संपते आणि त्याच्यासाठी हिशेब उलटतो. सेवा केंद्रांचे जाळे ह्युंदाईचे मोठे आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने सर्वात जवळचे केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि तेथे टर्बो-ऑटोमॅटिकचे काम होते का, हे स्वतः जाऊन विचारावे.

आणखी एक. या गाड्यांच्या इंजिनाची संगणकीय मांडणी बदलून, म्हणजे ‘रिमॅप’ करून, अश्वशक्ती वाढवून देणारे बरेच आहेत. त्याने वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असे मनमानी बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा अडवायला हे निमित्त पुरते.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

शोरूमभोवतीची दोन किलोमीटरची फेरी निरुपयोगी. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, घरची माणसे बसवून चालवाव्यात. त्या रस्त्यात कोंडी हवी, चढ हवा आणि खराब पट्टाही हवा. मागे वाहन नसताना ६० वरून एकदा पूर्ण ब्रेक दाबून पाहावा. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का, गिअरबॉक्स थरथरतो का, याकडे लक्ष द्यावे. दहा मिनिटे मागच्या सीटवर स्वतः बसावे. रेडिओ बंद ठेवायला सांगावा; विक्रेत्याने तो मोठ्याने लावला असेल तर विशेषकरून.

कोणी कोणती घ्यावी?

घरात दोन-तीन चालक, बहुतेक वापर शहरात, मागे ज्येष्ठ मंडळी आणि अधूनमधून रात्रीचा महामार्ग, अशा घराला व्हर्ना सोयीची. एडास सुरू ठेवण्याची तयारी असेल तर तिच्या वरच्या श्रेणीला तोड नाही. महामार्गावर नियमित आणि वेगात प्रवास करणाऱ्याने मात्र मागचे ड्रम ब्रेक आणि एडासची उणीव सोसूनही व्हर्टसकडे झुकावे. कारण सांगाडा नंतर बदलता येत नाही.

नवी गाडी ताब्यात घेताना चॅसी क्रमांकावरून तिचा निर्मिती महिना विचारून घ्यावा; डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत घेतली तरी कागदावर ती मागच्या वर्षाची राहते आणि विकताना किंमत पडते. टायरच्या कडेला चार आकडी क्रमांक असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. चारही टायरचे आणि डिकीतल्या पाचव्याचेही आकडे वाचावेत. मगच चावी हातात घेऊन फोटो काढावा.